शहापूरचं घर विकून अनगोळात फ्लॅट : वरखर्च किती धरू?

शहापुरी_धागा :
नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात बोळातलं वडिलोपार्जित घर आहे. रिक्षा दारापर्यंत येत नाही आणि आईचे गुडघे आता पायऱ्या मानत नाहीत. अनगोळात लिफ्ट असलेला रीसेल फ्लॅट बघितलाय, दुसरा मजला, ५६ लाखांत ठरतोय. घराचे ६० लाखांच्या आसपास येतील असं एजंट म्हणतो. म्हणजे मधे ४ लाख उरतात. त्यातले ३ वरखर्चाला, १ लेकीच्या कॉलेजला असा हिशेब मांडलाय.
विचारायचं एवढंच : वरखर्चात काय काय येतं? आधी घ्यावं की आधी विकावं? सामान हलवायला काय लागेल?
बजेट ३ लाखच आहे, त्यात बसेल असं सांगा. प्लॉट घेऊन बांधा असं कृपया कुणी सांगू नका, आईला वर्षभर थांबायला जमणार नाही.

कंग्राळी_किंग :
प्लॉट घ्या दादा. ५६ लाख घालून हवेत लटकायचं कशाला की? मी कंग्राळीत तीस-चाळीसचा प्लॉट घेतला, बोअर मारली, पहिल्याच दणक्याला पाणी. खाली आम्ही, वर भाडेकरू. आता आमच्या रस्त्याला काय भाव बोलूलालेत ते येऊन विचारा एकदा.

टिळकवाडीची_काकू :
दुसरा मजला नको रे बाबा. लिफ्ट आहे म्हणतोस, पण लाईट गेली की? जनरेटरला लिफ्ट जोडलेली आहे का ते विचार, नुसते जिन्यातले दिवे जोडतात आणि बॅकअप आहे म्हणून सांगतात. शिवाय मेंटेनन्स, ग्रिल, पडद्यांचे रॉड, गीझर. आमच्या सुनेने नुसत्या ग्रिलला जेवढे घातले त्यात माझं लग्न झालं असतं.

करवीरचा_पाहुणा :
एवढं घाबरण्यासारखं काही नाही. रजिस्ट्रेशन फी जास्तीत जास्त ३० हजार असते. आणि फ्लॅट वहिनींच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सूट मिळते. आम्ही कोल्हापुरात तसंच केलं. ३ लाखांत आरामात बसेल.

दस्त_आणि_मस्त :
पाहुणे, ते तुमच्याकडे. ३० हजारांची मर्यादा महाराष्ट्रात, बाईमाणसाच्या नावाची सवलतही महाराष्ट्रात. इथे कर्नाटकात दोन्ही नाही. वहिनींच्या नावावर जरूर घ्या, पण ड्यूटी तेवढीच पडणार.
धागावाल्या दादा, कागद-पेन घ्या. ५६ लाखांवर स्टॅम्प ड्यूटी ५ टक्के, म्हणजे २,८०,०००. त्या ड्यूटीवर १० टक्के सेस, २८,०००. शहर हद्दीत त्याच ड्यूटीवर २ टक्के सरचार्ज, ५,६००. (ग्रामपंचायत हद्द असेल तर ३ टक्के.) रजिस्ट्रेशन फी पूर्वी १ टक्का होती, ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली, म्हणजे १,१२,०००. एकूण ४,२५,६००. यात वकील नाही, दस्त लिहिणावळ नाही, एजंट नाही, टेम्पो नाही.
आणि हे सगळं व्यवहाराची किंमत किंवा सरकारी गाईडन्स व्हॅल्यू (त्या भागाचा सरकारने ठरवलेला किमान दर), जे जास्त असेल त्यावर. रजिस्ट्रेशन खात्याच्या कावेरी साईटवर तुमच्या भागाची व्हॅल्यू बघून घ्या, मग संचकार (बयाण्याचा करार) करा.

शहापुरी_धागा :
सव्वाचार लाख? म्हणजे लेकीच्या कॉलेजसकट सगळं तिथेच गेलं. एजंट तर म्हणाला होता, ‘सहा-साडेसहा टक्के धरा.’

दस्त_आणि_मस्त :
तो जुना आकडा सांगतोय. १ टक्का फी असताना ६.६ व्हायचे. आता ७.६ धरा.

मच्छे_बायपास :
एक आयडिया सांगू का. ४५ लाखांपर्यंत ड्यूटी ३ टक्केच आहे. दस्त ४५ चा करायचा, वरचे ११ हातात द्यायचे. सगळे असंच करूलालेत.

दस्त_आणि_मस्त :
आधी एक. ती ३ टक्क्यांची सवलत बिल्डरकडून पहिल्यांदा रजिस्टर होणाऱ्या फ्लॅटला आहे. रीसेलला ४५ चा दस्त करा नाहीतर ४० चा, ५ टक्केच लागणार. मग दोन. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली आणि इन्कम टॅक्सने पकडलं तर जेवढी रोख तेवढाच दंड. तीन, उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा कागदावर खरेदी ४५ चीच दिसणार, नफा फुगणार. सगळे करूलालेत म्हणून चौपदरी रस्त्यावर उलट्या बाजूने गाडी घालणार का?

मच्छे_बायपास :
सल्ला दिला तर एवढं अंगावर यायचं काय कारण?

शिनोळी_समर्थक :
एवढी कटकट हवीच कशाला? शिनोळीत घ्या. बेळगावातून गाडीवर जाता येतं, पण हद्द महाराष्ट्राची, तालुका चंदगड, सगळे कागद मराठीत. फी पण ३० हजारांवर थांबते.

टिळकवाडीची_काकू :
त्याच्या आईला डॉक्टरकडे कोण नेणार शिनोळीहून? काहीही सांगायचं.

कंग्राळी_किंग :
शिनोळीपेक्षा कंग्राळी जवळ आहे. सांगूलालोय, प्लॉट बघा.

बँकेतला_बापू :
विषय भरकटला. मूळ प्रश्नात ‘आधी घ्यावं की विकावं’ असं आहे, त्याला कुणी हातच लावला नाही.
आधी घ्यायचं असेल तर कर्ज लागणार. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ५६ चे ८० टक्के ४४.८० लाख. उरलेले ११.२० तुमचे. स्टॅम्प-रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरता येत नाही, तेही तुमच्याच खिशातून. म्हणजे साधारण साडेपंधरा लाख हातात पाहिजेत, जुनं घर विकायच्या आधी. वर प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन, लीगल रिपोर्ट.
तरीही मी म्हणेन, जमत असेल तर आधी घ्याच. विकून बसलात आणि फ्लॅट हातचा गेला तर भाड्याच्या घरात जायचं, दोनदा सामान बांधायचं. माझ्या साडूचं तेच झालं. त्यांची पितळी भांडी अजून पोत्यातच आहेत.

अनगोळ_एक्स्प्रेस :
+१. आधी घ्या, मग विका. घर एकदाच हलवावं.

निपाणीकर_नाना :
मीही तेच म्हणतो. आधी घ्या. दोनदा हलवणं म्हणजे दुप्पट खर्च आणि तिप्पट भांडणं.

वारस_नोंद :
एक विचारतो. जुनं घर नक्की कुणाच्या नावावर आहे? ‘वडिलोपार्जित’ म्हणालात म्हणून विचारलं. उताऱ्यावर अजून वडील किंवा आजोबा असतील तर ६० लाखांचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. आता ई-खात्याशिवाय (महापालिकेतली मालमत्तेची ऑनलाइन नोंद) रजिस्ट्री होत नाही, आणि ई-खाता विकणाऱ्याच्या नावाचा लागतो. आधी वारसा, मग ई-खाता, मग गिऱ्हाईक. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावरचं नाव आणि महापालिकेतलं नाव एकच आहे का तेही बघा. आमच्याकडे एकीकडे आजोबांचं पूर्ण नाव होतं आणि दुसरीकडे नुसतं घरातलं हाकेचं नाव.
बहिणी आहेत का? मुलींना वडिलोपार्जित घरात मुलांइतकाच हक्क आहे. घेणाऱ्याची बँक त्यांच्या सह्या मागणारच. घरच्या घरात हक्कसोडपत्र केलं तर पूर्ण ५ टक्के लागत नाहीत, ठरावीक रक्कम असते. पण सही कराल का म्हणून बहिणीला फोनवर विचारू नका, घरी जाऊन बसा.

शहापुरी_धागा :
उतारा वडिलांच्याच नावावर आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. दोन बहिणी, एक गडहिंग्लजला, एक बेंगळुरात. दोघींची हरकत नाही, पण बेंगळुरातलीला सहीसाठी कधी येता येईल सांगता येत नाही.

वारस_नोंद :
तुम्ही वारसा आणि ई-खात्याच्या मागे लागा, तोवर त्यांची सुट्टी बघून ठेवा. आणि घेणार आहात त्या फ्लॅटचाही ई-खाता, ईसी (बोजा आणि जुने व्यवहार दाखवणारा दाखला) आणि ऑक्युपन्सी (राहायच्या परवानगीचा दाखला) बघा. ईसी तीस वर्षांची काढून वकिलाला दाखवतात. बिल्डिंग नवी असली तरी खालच्या जमिनीचा इतिहास लागतोच. बी-खात्यावाला (परवानग्या पूर्ण नसलेल्या मालमत्तेची नोंद) असेल तर स्वस्त का देतोय ते तिथेच कळेल.

ताळेबंद :
सीए आहे, पण इथे फुकट सांगतो. ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा. तुमच्या ५६ वर ५६ हजार. हा जादा खर्च नव्हे, विकणाऱ्याला द्यायच्या पैशातूनच कापायचा. फ्लॅटवाला परदेशात स्थायिक असेल तर मात्र १ टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी होते. तेवढं विचारून घ्या.
तुमचं घर ६० ला गेलं तर तुमचं गिऱ्हाईकही तुमचे ६० हजार कापेल. रिटर्नमध्ये ते धरता येतात, पण त्या दिवशी हातात कमी येणार हे हिशेबात ठेवा.
भांडवली नफा : घर इतकं जुनं आहे की १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून घ्या, तो खर्च धरा. कर १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन लावून (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून) २० टक्के, जो कमी तो. विकल्यापासून २ वर्षांत (किंवा विकायच्या आधी १ वर्षात) घर घेतलं तर जेवढं त्यात घातलं तेवढ्यावर सूट, आणि स्टॅम्प-रजिस्ट्रेशनही घराच्या खर्चात धरतात. रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही तर पैसे बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचे, साध्या सेव्हिंगमध्ये नाही. आणि बहिणींनी हक्क सोडला की हिस्सा घेऊन सह्या केल्या, त्यावर कर कुणाकुणाला ते ठरतं. ते समोर बसून बोलावं लागेल.

कुंदा_दोनशे_ग्रॅम :
सामानाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून. पॅकर्सवाल्यांच्या नादी लागू नका. आमच्याकडे एका कंपनीने फोनवर एक रेट सांगितला आणि सामान भरून झाल्यावर ‘कपाट धरलं नव्हतं’ म्हणून गाडी गेटातच उभी केली. शहापूर ते अनगोळ म्हणजे काय परदेश आहे काय? ओळखीचा टेम्पो करा, हमाल वेगळे ठरवा. आणि बोळाची रुंदी त्यांना आधीच सांगा. चारशेसात आत शिरणार नाही, छोटा हत्ती लावावा लागेल, मग फेऱ्या वाढतात. गोदरेजचं कपाट बोळातून रस्त्यापर्यंत खांद्यावर न्यायचं तर त्याचे हमाल वेगळे मागतात. ते कपाट तिथेच विकून टाकलेलं बरं.

टिळकवाडीची_काकू :
गोदरेज विकू नको हां. तसा पत्रा आता मिळत नाही.

कुंदा_दोनशे_ग्रॅम :
काकू, उचलायला तुम्ही येणार असाल तर नाही विकत.

निपाणीकर_नाना :
आषाढात हलू नका. मुहूर्ताचं सोडा, त्या पावसात ताडपत्री असूनही गाद्या भिजतात आणि वाळायला नवरात्र उजाडतं.

गृहिणी_ज्योती :
एक छोटं पण उपयोगाचं. जुन्या घराच्या मीटरला गृहज्योतीसाठी (सरकारची मोफत विजेची योजना) आधार नंबर जोडलेला असेल तर सोडताना डीलिंक करून घ्या, म्हणजे नव्या मीटरला लावता येईल. फ्लॅटचा मीटर हेस्कॉममध्ये (वीज कंपनीत) नावावर करून घ्या. घरपट्टी आणि सोसायटीची थकबाकी नाही असं लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. आम्ही राहायला गेल्यावर सोसायटीने आधीच्या मालकाची थकबाकी आमच्या दाराला चिकटवली होती, नावासकट. दूधवाल्यानेही वाचली.

करवीरचा_पाहुणा :
मला अजून वाटतं रजिस्ट्रेशन ३० हजारच असावं. एकदा चौकशी करून बघा.

दस्त_आणि_मस्त :
🙏

शहापुरी_धागा :
सगळ्यांना धन्यवाद, काकूंना विशेष. ठरलं ते सांगतो, शिव्या देऊ नका.
५६ चा सोडला. बापूंनी मांडलेले साडेपंधरा लाख माझ्याकडे नाहीत, आणि ते उभे करायला आईच्या एफडीला हात लावणार नाही. फ्लॅटवाला वारसा आणि ई-खाता होईपर्यंत थांबायला तयार नाही, त्याचंही चुकलं म्हणता येत नाही. तेव्हा आधी आमचे कागद, मग घर विकायचं, आणि मधल्या काळात भाग्यनगरात तळमजल्याचं घर भाड्याने घेतोय. होय, दोनदा सामान हलवायचं. बघून ठेवलेल्या घराच्या दारासमोर रिक्षा थांबते, आईला त्याच्याशी मतलब आहे. तिने तर देवघर कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलंय.
पैसे हातात आल्यावर ५० लाखांच्या वर बघायचं नाही. ५० वर ७.६ टक्क्यांनी ३,८०,०००. घर खरंच ६० ला गेलं तर भाडं, वकील, टेम्पो धरून कॉलेजची फी वाचते. एजंटला त्याचा टक्का विचारलाय, अजून नीट बोलत नाही.
गोदरेज विकतोय. कुणाला हवं असेल तर स्वतः उचलून न्यायचं.

बँकेतला_बापू :
दोनदा हलवणं मला पटलं नाही. पण भाड्याचा करार अकरा महिन्यांचा करा आणि मधेच सोडलं तर डिपॉझिट किती परत मिळणार ते त्यातच लिहून घ्या.

अनगोळ_एक्स्प्रेस :
चूक करताय. आधी घ्यायला हवं होतं.

कंग्राळी_किंग :
५० लाखांत आमच्याकडे प्लॉट घेऊन खालचा मजला बांधून होतो. बघा हां.

वडगाव_नाका :
धागा आत्ताच वाचला. घर बोळात नेमकं कुठल्या बाजूला? माझ्या मेव्हण्याला शहापुरातच पाहिजे, खाली दोन माग बसतील एवढी जागा असली की झालं, गाडीचा प्रश्न नाही. ६० मात्र जास्त वाटतात.

शहापुरी_धागा :
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. माग बसतात, पूर्वी होतेच. ६० वर बोलू, पण एजंटला मधे घेऊ नका.