ईटीसी फोल्डर गिटमध्ये ठेवायचाय, परवानग्यांचं काय?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)
उबुंटूचे दोन सर्व्हर आहेत, एक इथं, दुसरा खानापूरच्या शाखेत. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि सांबा (फाइल शेअरिंग) यांच्या सेटिंग्जच्या फायलींत दोघंजण हात घालतात. मागं डॉट-बॅक फायलींचा (जुन्या प्रतींचा) पसारा उरतो, कुणी काय बदललं ते कळत नाही. ईटीसीत, म्हणजे सेटिंग्जच्या फोल्डरात, सरळ गिट इनिट केलं (बदलांचा इतिहास ठेवणारं गिट सुरू केलं) तर? दोन्ही सर्व्हरना मिळून एकच रेपो (इतिहासाचा साठा) ठेवावा म्हणतोय.

उत्तर (निपाणी)
नुसतं गिट नको. ते फाइलचा मालक लक्षात ठेवत नाही, परवानग्यांतलं फक्त एक्झिक्युटेबल आहे की नाही तेवढंच बघतं. डिस्क गेल्यावर क्लोन करून फायली परत ठेवल्या, की एसएसएचच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्या) ६०० च्या, म्हणजे फक्त मालकाला दिसणाऱ्या, असतात; त्या ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येणाऱ्या, होतात. एसएसएचडी (दुरून लॉगिन करू देणारी सेवा) त्या नाकारतं आणि सुरूच होत नाही. मग बसा खानापूरच्या गाडीत!

एटसीकीपर घाला, तो गिट वापरूनच ईटीसी सांभाळतो: सुडो ॲप्ट इन्स्टॉल एटसीकीपर. रेपो आणि पहिला कमिट (बदलांची नोंद) तिथंच होतो. मालक-परवानग्या तो डॉट-एटसीकीपर नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. ॲप्टनं काही बसवलं की आधी आणि नंतर आपोआप कमिट. दोघांनीही थेट रूटनं (मुख्य खात्यानं) लॉगिन करू नका, आपापल्या खात्यातून सुडो वापरा. कमिटवर ज्याचं त्याचं नाव येतं.

जुनी फाइल हवी असेल तर गिट चेकआउट करा, लगेच सुडो एटसीकीपर इनिट चालवा म्हणजे परवानग्या जागेवर येतात. हे लोक हमखास विसरतात. मग एनजिनएक्स -टी (सेटिंग्ज तपासतं), आणि त्यानं ओके म्हटलं तरच रीलोड.

उत्तर (चिकोडी)
रेपो एकच? अजिबात नको. एफएसटॅबमधले (डिस्क जोडायच्या यादीतले) यूयूआयडी म्हणजे डिस्कचे ओळख क्रमांक, मशीन-आयडी, होस्ट की प्रत्येक मशीनच्या वेगळ्या. इथला एफएसटॅब तिकडं गेला तर बूट होताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकेल.

आणखी एक बघा की, रोजचा ऑटोकमिट दिवसभराचे बदल एकाच गठ्ठ्यात टाकतो, कारण कळत नाही. एटसीकीपरच्या कॉन्फ फाइलमध्ये अव्हॉइड_डेली_ऑटोकमिट्स=१ करा. हाताने केलेल्या बदलाला सुडो एटसीकीपर कमिट आणि पुढं एका ओळीत कारण.

प्रश्नकर्ता
बरं. रेपोची प्रत बाहेर पाठवायची (पुश), ती गिटहबवर प्रायव्हेट ठेवून चालेल?

उत्तर (निपाणी)
नको ओ. आत शॅडो फाइल आहे, तिच्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) आहेत. नंतर गिटइग्नोअरमध्ये (वगळायच्या फायलींच्या यादीत) घातलं तरी इतिहासात राहतातच. ऑफिसातल्याच तिसऱ्या मशीनवर बेअर रेपो (फक्त इतिहास ठेवणारा) करा, फोल्डरची परवानगी ७००, म्हणजे फक्त मालकाला. पावसात खानापूरची लाइन गेली तर पुश फसेल, पण कमिट तिथल्या मशीनवर राहतो. लाइन आली की पुढच्या पुशबरोबर जाईल.