‘अपराजित’ की ‘अजिंक्य’? आणि पाठीची माती

दौत-टाक

मंडळी, एका वाक्यापाशी चार दिवस गाडी अडली आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेकीकडच्या मुक्कामावर लिहिते आहे. २०१९ च्या सप्टेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत मी लुइझियानातल्या बॅटन रूजला होते. लेक तिथल्या विद्यापीठात, सगळ्यांच्या तोंडच्या ‘एलएसयू’त, शिकत होती. मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घरच्या मैदानावर सामना असला की शनिवारी सकाळपासून अख्खं गाव जांभळं-सोनेरी व्हायचं, पार्किंगमध्ये तंबू पडायचे, भल्यामोठ्या पातेल्यांत भात रटरटायचा. स्टेडियमसमोरच्या आवारात तर चक्क जिवंत वाघ पाळलेला आहे. त्या वर्षी त्यांचा संघ एकही सामना हरला नाही आणि देशात पहिला आला. तर माझं वाक्य असं:

“एलएसयूच्या अजिंक्य संघाने त्या वर्षी अपराजित राहून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले.”

लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आई, एका वाक्यात किती वेळा जिंकलीस?” मोजलं, तर तीनदा. शिवाय मधला ‘अपराजित’ आहेच. यातलं काय ठेवू आणि काय काढू? आणि अजिंक्य नि अपराजित हे एकच का?

उपसंपादक_निवृत्त

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही.

‘अजिंक्यपद’ हे आम्ही पेपरवाल्यांनी ‘चॅम्पियनशिप’साठी इतकं घासून वापरलं की त्यातला ‘अजिंक्य’ आता कुणाला दिसतही नाही. राज्य अजिंक्यपद स्पर्धा, जिल्हा अजिंक्यपद निवड चाचणी. साखळीत दोन सामने हरून पुढे गेलेला संघही शेवटी ‘अजिंक्यपद’ घेऊन घरी जातो, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. मथळ्यात जागा कमी पडली की आम्ही ‘जेतेपद’ करायचो. चार अक्षरांत काम भागतं. तुमच्या लेखाला मथळ्याची अडचण नाही, तेव्हा ‘विजेतेपद’ घ्या. ते कुणालाच ‘अजिंक्य’ ठरवत नाही, नुसतं जिंकल्याचं सांगतं.

आणि कुणी ‘नाबाद’ सुचवायच्या आत सांगून ठेवतो, तो फलंदाजाचा शब्द आहे. ‘नाबाद संघ’ असं एका नवशिक्या पोरानं लिहिलं होतं, त्याला चहा आणायला पाठवला.

ओहायोकर

ताई, संघ चांगला निवडलात. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो आमच्याकडचा, ओहायोतल्या अथेन्सचा. आधी ओहायो स्टेटमध्ये होता, तिथे खेळायला मिळेना म्हणून लुइझियानाला गेला. त्या हंगामात त्याने ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाची ६३-२८ अशी धूळधाण केली, त्यातले सात पास पहिल्या अर्ध्यातच. सगळ्यात घासून झाला तो ऑबर्नविरुद्धचा, २३-२०. अंतिम सामना १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये झाला, क्लेम्सनला ४२-२५ ने हरवलं. एकूण १५-०, म्हणजे पंधरा विजय, पराभव एकही नाही.

तुमच्या शब्दासाठी खरी गंमत पुढे आहे. क्लेम्सनसुद्धा त्या सामन्याला एकही न हरता आला होता. आधीच्या हंगामातले धरून सलग २९ विजय त्यांच्या खात्यात होते. म्हणजे त्या रात्री मैदानात दोन ‘अपराजित’ उतरले आणि एक परत गेला. दोघांनाही ‘अजिंक्य’ म्हटलं असतं तर सामना संपलाच नसता.

दुसरं, अपराजित असणं आणि विजेतेपद मिळणं या अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ च्या हंगामात युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचा संघ १३-० राहिला. शेवटी ऑबर्नला ३४-२७ ने हरवलं. याच ऑबर्नने महिनाभर आधी अलाबामाला हरवलं होतं. पण चार संघांच्या बादफेरीत निवड समितीने अलाबामाला घेतलं, फ्लोरिडावाल्यांना नाही, आणि एक पराभव गाठीला असलेला अलाबामा विजेता ठरला. फ्लोरिडावाल्यांनी मग ‘आम्हीच खरे विजेते’ म्हणून डिस्नी वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. आता मराठीत लिहा बरं: “पराभूत झालेल्याला अजिंक्यपद मिळाले, अपराजिताला मिळाले नाही.” कोडं घातल्यासारखं वाटतं.

जुनी पाटी

व्याकरणाची बाजू मांडतो, कंटाळा आला तर खाली उतरा.

‘अपराजित’ हे भूतकालवाचक विशेषण. परा-जि या धातूचं ‘पराजित’, त्याला नकार. आजवर हरलेला नाही, एवढंच ते सांगतं. उद्याची हमी देत नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘सात्यकिश्चापराजितः’ येतं, ते युद्धाला तोंड लागण्याआधी, शंख वाजत असताना. पुढच्या अठरा दिवसांत काय होणार याबद्दल तो शब्द मौन पाळतो. दसऱ्याला शमीबरोबर अपराजितेची पूजा होते तीही सीमोल्लंघनाच्या बेतानेच, म्हणजे मोहिमेवर निघताना.

‘अजिंक्य’ची जात वेगळी. शेवटचा ‘य’ शक्यता सांगतो: जिंकता येणार नाही असा. संस्कृतात याला ‘अजय्य’. पाणिनीने ‘क्षय्यजय्यौ शक्यार्थे’ असं सूत्रच दिलं आहे: जिंकणं शक्य असेल तर जय्य, जिंकण्याजोगा एवढंच म्हणायचं तर जेय. हिंदीवाल्यांचा ‘अजेय’ आपल्याकडे सर्रास आला, पण काटेकोरपणे ‘जिंकता न येणारा’ तो अजय्यच. आपल्या मराठीने मात्र स्वतःचा शब्द घडवताना यातलं काहीच उचललं नाही. घरचा ‘जिंक’ घेतला, पुढे संस्कृतचा ‘अ’, मागे संस्कृतचाच ‘य’, आणि झाला अजिंक्य. पंडितांनी नाक मुरडावं असा घाट आहे, पण मला फार आवडतो. पोळीत गुंडाळलेल्या श्रीखंडासारखा.

तात्पर्य, पंधरा सामने होऊन गेल्यावर संघाला अपराजित म्हणता येतं. अजिंक्य म्हणणं हे भाकीत आहे, आणि भाकितं दगा देतात. ओहायोकर, त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं?

ओहायोकर

बरो गेला, बरेचसे खेळाडू व्यावसायिक झाले. २०२० चा पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर, मिसिसिपी स्टेटने ४४-३४ ने घेतला. हंगामाअखेर हिशेब ५-५.

जुनी पाटी

बघा. ‘अपराजित’ शब्द शाबूत आहे, कारण तो २०१९ पुरताच बोलला होता.

उपसंपादक_निवृत्त

पाटीसाहेब, अजिंक्यताऱ्याचं काय मग? साताऱ्याचा किल्ला १७०० साली औरंगजेबाने घेतला, आझमतारा नाव ठेवलं. ताराराणींच्या काळात परत आला तेव्हा त्याचा अजिंक्यतारा झाला. म्हणजे एकदा जिंकला गेल्यावर त्याला अजिंक्य म्हटलं गेलं! पुढे १८१८ ला इंग्रजांनी घेतला तरी नाव तेच. तुमचा ‘य’ तिथे कुठे गेला?

जुनी पाटी

नावात आशा असते, अहवालात नसावी. ताई अहवाल लिहितायत.

तांबडापांढरा

ताई, मी कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल आमचा जीव. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडतात त्याला आम्ही फुटबॉल म्हणतो. बगलेत बॉल मारून पळत्यात त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

हे सगळे शब्द शिकलेल्या माणसाचे झाले. तालमीत विचारा, ते म्हणतील ‘पाठीला माती लागली नाही’. वस्ताद पोराची ओळख करून देताना तेवढंच बोलतो: “औंदा अजून पाठीला माती नाही ह्याच्या.” अपराजित म्हणजे हेच की. आणि बघा, कुस्ती बरोबरीत सुटली तरी पाठ कोरडीच राहते. अर्धा तास झुंजून पंचांनी हात वर केले दोघांचे, तरी माती कुणाच्याच पाठीला नाही. हे तुमच्या ‘अजिंक्य’मध्ये कुठं बसतंय?

ओहायोकर

तांबडापांढरा, तुम्ही नकळत अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या भांडणावर बोट ठेवलंत.

१९ नोव्हेंबर १९६६, ईस्ट लान्सिंग. नोटर डेम विरुद्ध मिशिगन स्टेट, दोन्ही तोवर न हरलेले. सामना १०-१० सुटला. शेवटी चेंडू नोटर डेमकडे होता, थोडा वेळही उरला होता. पण प्रशिक्षक आरा पार्सेघियन यांनी धोका पत्करला नाही, चेंडू जपत घड्याळ संपवलं. बरोबरीवर समाधान मानलं म्हणून लोक त्यांना पुढची कित्येक वर्षं बोलत राहिले. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ नव्हता, तो १९९६ च्या हंगामापासून सर्रास आला. आणि तेव्हा अंतिम सामनाही नव्हता. पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतदानातून पहिला क्रमांक ठरायचा. दोन्ही मतदानांत नोटर डेम पहिला, हिशेब ९-०-१, म्हणजे नऊ विजय, शून्य पराभव, एक बरोबरी. मिशिगन स्टेट दुसरा, तोही ९-०-१. आणि तिसरा कोण, तर अलाबामा, ज्याने ११ च्या ११ जिंकले! तिथले म्हातारे आजही त्यावरून दात-ओठ खातात.

म्हणजे त्या वर्षी पाठीला माती न लागलेले तिघे होते. सगळ्या कुस्त्या मारलेला त्यांत एकच, तो तिसरा.

तांबडापांढरा

आमच्याकडं असं झालं असतं तर गदा देणारा पंच पाठीमागच्या दारानं गेला असता.

उपसंपादक_निवृत्त

हे १९६६ भारीच कामाचं निघालं. ‘एकही सामना न हरता’ आणि ‘सगळे सामने जिंकून’ यांत फट आहे, ती इथे उघडी पडते. जुनी अमेरिकन वृत्तपत्रं ‘न हरलेला, न बरोबरी केलेला’ असं दोन विशेषणं जोडूनच लिहीत. आपल्याकडे त्याला एका शब्दाचा तोडगा आहे: निर्भेळ. मालिकेतले सगळे कसोटी सामने जिंकले की आम्ही ‘निर्भेळ यश’ छापत होतो. भेळ म्हणजे मिसळ. निर्भेळ, ज्यात पराभवाची मिसळ नाही, अनिर्णिताचीही नाही. चौपाटीवरचा माणूस आपल्या धंद्यावर टीका झाली असं समजेल, पण शब्द नेमका आहे. नोटर डेमला १९६६ साठी ‘अपराजित’ म्हणेन, ‘निर्भेळ’ नाही. २०१९ च्या एलएसयूला दोन्ही म्हणेन.

एक बारीक खोट: विजेतेपद तेव्हा मतांनी ठरायचं, म्हणून १९६६ साठी ‘जिंकले’पेक्षा ‘मिळाले’ बरं. २०१९ ला अंतिम सामना खेळूनच मिळवलं, तिथे ‘जिंकले’ चालेल.

जुनी पाटी

‘निर्भेळ’ला माझा पाठिंबा. पण ताई, विशेषणाचा सोस सोडून संख्या लावून पाहा. ओहायोकरांनी सहज लिहिलं, ‘११ च्या ११ जिंकले’. मराठीत संख्या दुहेरी झाली की उरलंसुरलं काही राहत नाही. पाचच्या पाच आंबे नासले म्हटल्यावर ‘सर्व’ लागत नाही. इथे ना अपराजित लागतो, ना निर्भेळ, बरोबरीची फटही बुजते.

दौत-टाक

सगळ्यांचे आभार. वाक्य मोडून नव्याने बांधलं:

“त्या हंगामात एलएसयूने पंधराच्या पंधरा सामने जिंकले. अंतिम सामना क्लेम्सनशी होता. तेही तोवर अपराजित होते.”

विजेतेपद वेगळं सांगायची गरज उरली नाही. ‘अजिंक्य’ बाहेर पडला, ‘अपराजित’ हरलेल्यांकडे गेला, आणि तिथे तो जास्त शोभला असं मला वाटतं. त्या रात्री टीव्हीसमोर लेकीच्या मैत्रिणी नाचत होत्या, आणि पडद्यावर केशरी जर्सीतला एक पोरगा हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर तसाच बसलेला दाखवला होता. दोन वर्षं हरणं माहीत नव्हतं त्यांना. तो आता लेखात घेते.

लेकीला पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाली, “आता बरं आहे. पण आई, ‘हंगाम’ काय, आंब्याचा आहे का?”

तांबडापांढरा

तिला सांगा ताई, ऊस तोडायचाही असतो. तो आमचाही जुन्या वर्षात सुरू होतोय आणि नवीन वर्षात संपतोय.