गाडीच्या ब्रँडबद्दल मालकांची मतं: कोणतं धरायचं, कोणतं सोडून द्यायचं?

स्टेपनी (धागाकर्ता)

'अमुक कंपनीची गाडी घेऊ का?' असं दहा मालकांना विचारलं की पाच जण म्हणतात 'डोळे झाकून घ्या' आणि उरलेले पाच 'चुकूनही घेऊ नका'. गंमत अशी की दहाही जण खरं बोलत असतात. म्हणून कुठला ब्रँड चांगला, हे इथे नको, त्यावर भांडणं पुष्कळ झाली. गाड्या उघडणारे, विकत घेण्याआधी तपासून देणारे, पार्ट्सच्या काउंटरवर बसणारे असे बरेच जण इथे आहेत. मालकाचं मत ऐकताना तुम्ही काय विचारता आणि कशावर विश्वास ठेवता, तेवढं लिहा. स्वतःच्या गाडीचं पुराण नको.

टॉर्करेंच

पहिला प्रश्न एकच: इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, गाडी कोणत्या वर्षाची? याचं उत्तर न देता केलेली स्तुती किंवा शिवी, दोन्ही बाजूला ठेवायच्या.

फोक्सवॅगन गटाचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बघा. नाव एकच, पण २००३ मध्ये आलेला सहा गिअरचा डीक्यू२५० आणि २००८ मध्ये आलेला सात गिअरचा डीक्यू२०० ही दोन वेगळी यंत्रं आहेत. डीक्यू२५० चे क्लच तेलात भिजलेले असतात, डीक्यू२०० चे कोरडे. कोरड्या क्लचची उष्णता वाहून न्यायला तेल नसतं. रहदारीत गाडी रांगत असताना क्लच अर्धवट पकडलेला राहतो, घासतो, तापतो. त्याच्या अस्तराचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला की पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागते. त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटमधल्या (क्लच आणि गिअर हलवणारा नियंत्रक) तेलाच्या दाबाच्या तक्रारी आणखी वेगळ्या. डीक्यू२५० मध्ये कोरड्या क्लचचा हा प्रकार नाही, पण त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किमीला बदलावे लागतात. ते टाळणाऱ्याला पुढे गिअर बदलताना झटके बसतात आणि तो म्हणतो 'डीएसजी भिकार'. कोरडा क्लच वर्षभर फक्त महामार्गावर चालवणारा म्हणतो 'डीएसजी लोण्यासारखा'. दोघांचंही बरोबर आहे, मात्र दोघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलताहेत.

'ऑटोमॅटिक आहे' एवढ्यावर कधीच थांबू नका. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ओला किंवा कोरडा डबल क्लच आणि एएमटी हे सगळे ऑटोमॅटिकचेच प्रकार, पण प्रत्येकाचे आजार निराळे.

पार्टनंबर

वरच्याला +१. आता एक युक्ती सांगतो, ती फार कमी लोक वापरतात. एकच गाडी दोन-तीन ब्रँडच्या नावांनी विकली जात असेल, तर सगळ्या नावांच्या मालकांची मतं शेजारी ठेवून वाचा.

प्यूजो १०७, सित्रोएन सी१ आणि टोयोटा आयगो यांची पहिली पिढी २००५ पासून झेक प्रजासत्ताकातल्या कोलीन इथल्या एकाच कारखान्यात बनली. पेट्रोल इंजिन तिघांतही टोयोटाचं, ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं. फरक म्हणजे बंपर, दिवे, लोगो आणि कागदावरच्या वॉरंटीच्या अटी. तिन्ही नावांखाली सारखीच येणारी तक्रार ही गाडीची तक्रार. एकाच नावाखाली येत असेल तर ती बहुतेक वेळा शोरूमची, सर्व्हिस सेंटरची किंवा ब्रँडकडून असलेल्या अपेक्षेची. टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड ही जोडीही अशीच. बॉक्सर इंजिन सुबारूचं आणि बांधणी सुबारूच्याच कारखान्यात.

सुट्या भागांचंही तेच. झेडएफचा आठ गिअरचा ८एचपी गिअरबॉक्स कितीतरी ब्रँडमध्ये बसतो. त्यातलं तेल 'आयुष्यभराचं' असल्याचं काही गाडी कंपन्या सांगतात, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र साधारण ८०,००० ते १,२०,००० किमीला ते बदलायला सांगते. जास्त किमी झालेल्या गाडीचा मालक 'गिअरबॉक्सला हातच लावावा लागला नाही' असं अभिमानाने सांगत असेल, तर ते कौतुक म्हणून घेऊ नका. तेल बदललं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डिपस्टिक

मालक गाडी कशी चालवतो हे कळल्याशिवाय डिझेलबद्दलचं कुठलंही मत मोजू नये.

डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला एक्झॉस्टचं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं, आणि गाडी बऱ्यापैकी एका वेगात दहा-वीस मिनिटं चालावी लागते. रोजची फेरी चार-पाच किमीची असेल तर हे काम दर वेळी अर्ध्यावर तुटतं. तापमान वाढवण्यासाठी जे जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी *वाढते*. म्हणून असा मालक भेटला तर त्याच्या परवानगीने डिपस्टिक काढून बघा. खूण 'मॅक्स'च्या वर आणि वासाला डिझेल, म्हणजे गाडी चुकीच्या माणसाकडे गेलेली आहे. 'या कंपनीची डिझेल म्हणजे डोकेदुखी' हे त्याचं मत तुमची रोजची फेरी साठ किमीची असेल तर तुम्हाला लागू नाही. उलटंही तितकंच खरं: महामार्गवाल्याची स्तुती ऐकून गल्लीबोळातल्या वापरासाठी डिझेल घेऊ नका.

विचारायचं ते इतकंच: एका फेरीत किती किमी, थंड इंजिनावर दिवसाला किती वेळा सुरू करता, डीपीएफचा दिवा कधी लागला का आणि लागला तेव्हा काय केलं?

रनिंग_इन

पहिल्या तीन महिन्यांतली मतं वाचायची ती सीट, दिसणं, स्क्रीन आणि फिटिंग यांपुरतीच. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीचा 'इनिशियल क्वालिटी' अभ्यास पहिल्या ९० दिवसांवर बेतलेला असतो आणि 'डिपेंडेबिलिटी'चा तीन वर्षं जुन्या गाड्यांवर. जाहिरातीत नुसता 'पहिला क्रमांक' छापतात, तो कोणत्या अभ्यासातला ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

भाजक

लोक तक्रारी मोजतात, रस्त्यावर गाड्या किती हे मोजत नाहीत. जी गाडी दहापट खपते तिच्या तक्रारीही दहापट दिसणारच. संख्या बघून घाबरू नका. तक्रार *एकसारखी* आहे का ते बघा. तोच भाग, साधारण तेवढेच किमी, तीच लक्षणं, असं वेगवेगळ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या मालकांकडून येत असेल तर पाचसहा तक्रारीही पुरे. पन्नास जण पन्नास निरनिराळ्या गोष्टींवर चिडलेले असतील तर तो सर्व्हिस सेंटरवरचा राग असण्याची शक्यता जास्त.

मालकांच्या शब्दांवर अवलंबून नसलेली माहितीही ताडून बघावी. जर्मनीचा ट्यूव्ह अहवाल सक्तीच्या तपासणीत सापडलेले दोष मॉडेल आणि वयानुसार देतो. ब्रिटनमध्ये एमओटी या सक्तीच्या चाचणीचा इतिहास नंबरप्लेटवरून कोणालाही फुकट बघता येतो. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी रस्ता सुरक्षा संस्था मालकांच्या तक्रारी आणि रिकॉल, दोन्ही खुले ठेवते. गाडी तुमच्याकडे दुसऱ्या नावाने विकली जात असली तरी इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोड जुळला की ही माहिती उपयोगी पडते.

मात्र या आकड्यांनाही मर्यादा आहेत. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची स्थिती तपासत नाहीत. दिवे, टायर, ब्रेक, सस्पेन्शन, धूर हे बघतात. त्यामुळे क्लच थरथरणारी गाडी तिथे बिनदिक्कत पास होते. पोर्शे ९११ ट्यूव्हच्या यादीत अनेकदा वर असते, पण ती कमी चालवली जाते आणि तिची निगाही उत्तम राखली जाते. तेव्हा दोषांचा टक्का वाचताना शेजारच्या सरासरी किमीच्या रकान्यावरही नजर हवी.

बारापट्ट्या

इलेक्ट्रिक गाडीत हवामान आधी विचारा, ब्रँड नंतर. निसान लीफची पहिली २४ किलोवॅट-तासांची बॅटरी थंड ठेवायला पंखा किंवा द्रवाचं कूलिंग नव्हतं. डॅशवर क्षमतेच्या १२ पट्ट्या. पहिली पट्टी जाते ती साधारण १५ टक्के क्षमता गेल्यावर, पुढची प्रत्येक सुमारे सव्वासहा टक्क्यांना. उष्ण प्रदेशांतल्या मालकांच्या पट्ट्या भराभर गेल्या, थंड देशांतल्या मालकांना कळेना की एवढी ओरड कशाची. पुढे कंपनीने ५ वर्षं किंवा १ लाख किमीत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या तर वॉरंटी, असं जाहीर केलं.

म्हणून 'रेंज चांगली मिळते' हे पुरेसं नाही. १०० टक्क्यांपासून किती टक्क्यांपर्यंत, किती वेगाने, एसी किंवा हीटर चालू होता का, आणि बॅटरीचा एसओएच (नव्याच्या तुलनेत उरलेली क्षमता) किती दाखवतोय, ते विचारा.

ग्रीसनिपल

थोडा वेगळा सूर लावतो. वरचे सगळे ब्रँडला निकालात काढताहेत, पण बिघाड झाल्यावर कंपनी कशी वागते हे ब्रँडवरच ठरतं. गाडी बिघडली का, यापेक्षा बिघडल्यावर ती किती दिवस उभी राहिली हे मी आधी विचारतो. पार्ट कुठून आला? वॉरंटीत तोच भाग दुसऱ्यांदा बदलावा लागला का? वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले असताना कंपनीने खर्चात वाटा उचलला का?

आणि तोंडी उत्तर घेऊ नका, जॉब कार्ड मागा. त्यात तीन गोष्टी वाचायच्या: मालकाने सांगितलेली तक्रार, मेकॅनिकने लिहिलेलं निदान आणि बदललेला पार्ट. तक्रार 'पुढून खटखट', निदान कोरं, आणि बदललेलं काय तर व्हील अलाइनमेंट, हे दिसलं की समजायचं, दोष गाडीपेक्षा गॅरेजमध्ये जास्त आहे. स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचा बुश गेलेला असतो, ते कोणी बघितलंच नसतं, आणि मालक सगळीकडे सांगत सुटतो की या ब्रँडचं सस्पेन्शन कच्चं.

स्टेपनी

@ग्रीसनिपल, पटलं. पण समाधानी मालकाचं काय? ज्याला काहीच त्रास झाला नाही, त्याचं मत तरी सरळ धरावं ना?

बेल्टइनऑइल

नाही. काही दोष उशिरा उगवतात, तोवर सगळे समाधानीच असतात.

तेलात चालणारा टायमिंग बेल्ट (इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) हे ठळक उदाहरण. फोर्डचं तीन सिलिंडरचं १.० इकोबूस्ट २०१२ मध्ये आलं. बेल्ट बदलायची मुदत १० वर्षं किंवा सुमारे २,४०,००० किमी दिलेली. कागदावर उत्तम. पण ऑइल चुकीच्या ग्रेडचं घातलं, किंवा मुदत उलटूनही तेच ठेवलं, तर बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि टर्बो, बेअरिंग यांना वंगण मिळत नाही. प्यूजो-सित्रोएन गटाच्या १.२ प्युअरटेकलाही हाच रोग. तिथे ऑइल भरायच्या तोंडातून बेल्टची रुंदी मापकाने तपासतात, फुगलेला बेल्ट मापकात बसत नाही. दोन्ही गटांनी नंतरच्या आवृत्त्यांत कॅमशाफ्टसाठी बेल्टऐवजी साखळी आणली. म्हणजे इंजिनाचं नाव तेच असलं तरी वर्ष बदललं की मत बदलायला हवं.

तीस हजार किमीवाल्या समाधानी मालकाला विचारण्यात अर्थ नाही. लाखाच्या पुढे गेलेला शोधा. ऑइलचा ग्रेडच नव्हे तर कंपनीचा स्पेसिफिकेशन कोड बिलावर आहे का ते बघा. नुसतं '५डब्ल्यू-३०' पुरत नाही.

टाकीफुल

अ‍ॅव्हरेजबद्दल दोनच ओळी. डॅशवरचा आकडा धरू नका, तो बहुधा गोड असतो. टाकी पहिल्या कटपर्यंत (पंपाचा नॉझल आपोआप थांबेपर्यंत) फुल, ट्रिप मीटर शून्य, निदान अर्धी टाकी संपेपर्यंत चालवा, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा, किमी भागिले लिटर. असं लागोपाठ तीन-चार भरण्यांचं करून सांगणारा मालक भेटला तर त्याची बाकीची मतंही लक्ष देऊन ऐका.

टॉर्करेंच

शेवटचं राहिलं होतं. कोणी मालक गाडी दाखवायला तयार असेल तर त्याला आधीच सांगा की तुम्ही येईपर्यंत ती सुरू करू नये. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीची खरखर, निळा धूर, डळमळता आयडल हे जे कळतं, ते गरम इंजिनावर लपतं. मग एसी लावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा आणि ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून गिअर डी, मग आर (रिव्हर्स), मग पुन्हा डी असा टाकून बघा. गिअर धरायला सेकंदापेक्षा जास्त लागला किंवा धक्का बसला, तर शेवटचं गिअर ऑइल कधी बदललं ते तिथेच विचारा.