माझ्याच पत्त्यावरून मला धमकीची मेल: हेडरमध्ये नेमकं काय बघायचं?

शाईदौत
काल रात्री एक मेल आली, पाठवणाऱ्याच्या जागी माझाच पत्ता. ‘तुमचं खातं आमच्या ताब्यात आहे, दोन दिवसांत बिटकॉइन पाठवा, नाहीतर कॅमेऱ्यातलं चित्रण सगळ्यांना पाठवू.’ लगेच पासवर्ड बदलला, तरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी भाषांतराची कामं करते, त्यासाठी स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव) घेतलंय आणि मेल जीमेलमध्ये बघते. तीन ठिपक्यांवर जाऊन मूळ मेल उघडली, तर हेडरच्या, म्हणजे मेलच्या प्रवासाच्या नोंदींच्या, साठ-सत्तर ओळींचं जंजाळ. खरंच माझ्या खात्यातून गेली असेल का? आणि फिल्टर कशावर लावू? स्वतःचाच पत्ता ब्लॉक करू?

पोस्टमास्टर
ताई, स्वतःचा पत्ता ब्लॉक करू नका. त्या जंजाळातल्या तीनच ओळी इथे टाका: ‘रिटर्न-पाथ’, ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ आणि ‘फ्रॉम’ने सुरू होणारी सगळ्यात वरची ‘रिसीव्हड’. तुमचा पत्ता त्यात असेल तर खोडून टाका.

शाईदौत
रिटर्न-पाथमध्ये कुठलंसं अनोळखी डोमेन आहे, माझं नाही. रिझल्ट्समध्ये ‘एसपीएफ=पास, डीमार्क=फेल’ आणि पुढे कंसात ‘पी=नन’. डीकिमचा उल्लेखच नाही. रिसीव्हडमध्ये ‘फ्रॉम’पुढे माझ्याच डोमेनचं नाव आणि कंसात एक आयपी (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता). ते नाव बघूनच पोटात गोळा आला.

पोस्टमास्टर
आता जीव भांड्यात पडू द्या. ही मेल तुमच्या खात्यातून गेलेली नाही.

तुम्हाला दिसतो तो ‘फ्रॉम’ म्हणजे पत्राच्या आत वर लिहिलेलं नाव. ते कुणीही काहीही लिहू शकतं. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोहोचवण्याच्या पद्धतीचे, नियम ठरले तेव्हा ते तपासायची सोयच नव्हती. पाकिटावरचा पत्ता वेगळा असतो आणि तो रिटर्न-पाथमध्ये उतरतो. त्या माणसाने पाकिटावर स्वतःचं डोमेन घातलं आणि एसपीएफने तेवढंच तपासलं: हा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने पाठवू शकतो का? शकतो, म्हणून पास. डीमार्क विचारतो की पास झालेलं डोमेन आणि ‘फ्रॉम’मधलं डोमेन जुळतं का. नाही जुळलं, डीकिमची सहीही (डोमेनने मेलवर उमटवलेली डिजिटल मोहर) नाही, म्हणून फेल. तुमचं उत्तर त्या एका शब्दात आहे.

रिसीव्हडमधल्या तुमच्या डोमेनचं म्हणाल, तर ते नाव जोडणी करताना समोरचा सर्व्हर स्वतःच सांगतो. कंसातला आयपी मात्र गूगलच्या सर्व्हरने स्वतः पाहून लिहिलेला आहे. या ओळी खालून वर चढत जातात, प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर डकवतो. त्यामुळे आपल्या सर्व्हरने लिहिलेल्या वरच्या ओळींवरच विश्वास ठेवायचा. खालच्या पाठवणाऱ्याने आधीच रचून ठेवलेल्या असू शकतात.

आणि ‘पी=नन’ बघून मला खरंच कळवळा आला, कारण कुलूप आहे पण लावलेलं नाही. म्हणजे तुमच्या डोमेनने जगाला सांगून ठेवलंय की डीमार्क फेल झाली तरी काही करू नका. ते ‘क्वारंटाइन’ करा, म्हणजे अशा मेल्स स्पॅममध्ये टाकायची सूचना समोरच्या सर्व्हरला मिळेल. त्याआधी तुमच्या नावाने आणखी कोण मेल पाठवतं ते पाहा, उदाहरणार्थ बिलं पाठवणारी सेवा. तिच्या मेल्सवर तुमच्या डोमेनची डीकिम सही बसते का हे तपासल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर तुमचीच बिलं स्पॅममध्ये जातील.

रात्रपाळी
फिल्टरबद्दल माझा अनुभव सांगतो. जीमेलच्या फिल्टरमध्ये हवं ते हेडर निवडता येत नाही, थंडरबर्ड या मेल बघायच्या प्रोग्रॅममध्ये येतं. मी तिथे ‘डीमार्क=फेल असेल तर डिलीट’ असा नियम लावला होता. माझ्या जुन्या पत्त्यावरच्या मेल्स नव्या पत्त्यावर फॉरवर्ड होतात. फॉरवर्ड झाल्यावर सर्व्हर बदलतो, एसपीएफ तुटतं. डीकिम बहुधा टिकतं, पण मधल्या कुणी विषयात किंवा मजकुराखाली एखादी ओळ घातली की तेही गेलं. एका मुलाखतीचं बोलावणं असंच कचऱ्यात गेलं, मला पंधरा दिवसांनी कळलं. तेव्हापासून अशा मेल्स वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो आणि रोज एकदा नजर मारतो.

पोस्टमास्टर
अगदी बरोबर. एक भर घालतो: नियमात आपल्या सर्व्हरचं नावही असू द्या. पाठवणाराही ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ नावाची खोटी ओळ आत घालू शकतो, आणि तुमचा नियम तीच वाचत बसेल.

शाईदौत
एक शंका राहिली. आज बक्षिसाची एक मेल आलीय, तिच्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही पास! मग ती खरी?

पोस्टमास्टर
पासचा अर्थ एवढाच की ज्या डोमेनचं नाव घेतलंय तिथूनच ती आली. स्पॅम पाठवणाराही डोमेन विकत घेतो आणि तिन्ही नीट लावतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल्स पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीची आहेत, त्यामुळे नुसत्या पासवर आता काहीच ठरत नाही. डीकिमच्या ओळीत ‘डी=’ पुढे कुठलं डोमेन आहे ते अक्षर न् अक्षर वाचा. मग ‘रिप्लाय-टू’ बघा. उत्तर तिसऱ्याच पत्त्यावर जाणार असेल तर कशालाही हात न लावता स्पॅम म्हणून कळवा.

शाईदौत
‘डी=’ मध्ये कंपनीचं नाव आहे, पण मधलं एक अक्षर दोनदा. रिप्लाय-टू तर भलताच निघाला. कळवली स्पॅम म्हणून. बिलांच्या सेवेची सही तपासतेय, ती झाली की ‘पी’ बदलते.