अलिबाग-मुरूड: लहान मुलांसह कुलाबा, कोर्लई, जंजिरा (गाडीने, ४ दिवस)

दोन_पोरांची_आई:
पुण्याहून गाडीने निघणार, डिसेंबरमध्ये. मुलं ५ आणि ९ वर्षांची. अलिबागचा समुद्रातला कुलाबा, वाटेत कोर्लई आणि मुरूडचा जंजिरा एवढे तीनच किल्ले धरलेत. कुठला कधी करावा? कुलाब्याला चालत जाता येतं म्हणतात, पण पाच वर्षांच्या मुलाला ते जमेल का? निघायच्या दिवशी दशमी आहे.

तांडेल:
तिथी सांगितलीत ते फार बरं केलंत, कारण कुलाब्याचं सगळं गणित तिथीवरच बसतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दशमीला १० ची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसाताच्या सुमारास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा, पावणेदोनला पूर्ण ओहोटी. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा १, २, ३ असंच मोजायचं.

पण नुसती वेळ जुळून भागत नाही. अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत भांगाचे दिवस. त्या दिवसांत पाणी फारसं भरतही नाही आणि पुरतं ओसरतही नाही. वाटेत मोठ्यांच्या गुडघ्याएवढं पाणी राहिलं, तर ते पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेला लागतं. म्हणून पहिल्या दिवशी कुलाबा नकोच. आधी मुरूड गाठा, जंजिरा आणि कोर्लई उरका आणि तिसऱ्या दिवशी, द्वादशीला, अलिबागला मुक्कामाला या. द्वादशीची भरती ९ ला, ओहोटी सव्वातीनच्या आसपास. पावणेदोन-दोनला किनाऱ्यावर पोचा, वाट उघडी झाली की निघा आणि चारला किल्ल्यातून बाहेर पडा. सव्वाचारनंतर आत थांबायचं नाही. पाणी समोरून येताना दिसतं तसंच दोन्ही बाजूंच्या सखल भागातूनही भरतं, ते लक्षात येत नाही. हा ठोकताळा अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, तेव्हा निघताना किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना किंवा कोळ्यांना विचाराच. ते नको म्हणाले तर नको.

पायात मागे पट्टा असलेले सँडल घाला. चपला चिखलात रुततात आणि अनवाणी चाललं तर खडकांवरच्या कालवांनी तळवे कापतात.

बुरूजवाट:
वरच्या क्रमाला माझाही दुजोरा. आता किल्ल्यांच्या आतलं सांगतो.

जंजिराही समुद्रातच आहे, तिथे मुरूडजवळच्या राजापुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. तिकीट काढण्याआधीच मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते विचारा. जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्यापाशी धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल, ते बदलून घ्या. किल्ल्याच्या पायऱ्यांशी होडी लाटेबरोबर वरखाली होत राहते. होडी वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. आधी एक मोठं माणूस, मग मुलं, शेवटी दुसरं मोठं माणूस. सॅक पाठीवर, हात मोकळे. होडीवाले आत मोजकाच वेळ देतात, म्हणून परतीची वेळ आणि होडी कुठली, हे आधी पक्कं करा. दारातून धावत आत जाऊ नका. पंजांत हत्ती धरलेल्या शरभाचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) शिल्प तिथे आहे, मुलांना त्यातले हत्ती मोजायला लावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर. आईवडील समुद्राच्या बाजूला उभे राहून मुलांना आत ठेवतात. खरं तर समुद्राकडे चर्यांची आडभिंत असते, आतली कड मात्र बहुतेक ठिकाणी उघडी असते आणि मूल तिकडूनच पडतं. मोठ्यांनी आतल्या कडेने चालायचं. तटाच्या जिन्यांना कठडा नाही. चढताना मोठं माणूस मुलाच्या मागे, उतरताना पुढे, म्हणजे दोन्ही वेळा खालच्या पायरीवर. टाकी आणि तळ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे हात सोडू नका. कमानीखाली आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा न करता माघारी फिरा. त्या दिवशी अत्तर-परफ्यूम लावूच नका.

कुलाब्यावर मुलांना तटाची सांध दाखवा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. पाच वर्षांच्या मुलाची बोटं त्या फटीत सहज जातात, तेवढ्यात त्याला ते कळतं. (आधी विंचू-किरडू नाही ना, ते टॉर्चने बघा.)

दोन_पोरांची_आई:
मनापासून आभार, क्रम बदलला. कोर्लईला चढ किती? आणि धाकट्याला घाटात उलटी होते.

तांडेल:
कोर्लईला गाडी गावातून दीपगृहापर्यंत जाते, वर पायऱ्या थोड्याच. रस्ता गावात अगदी अरुंद आहे, समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते, म्हणून सकाळी ९ च्या आत जा. माथा म्हणजे लांबट, चिंचोळी सोंड. वारा जोरात असतो आणि दोन्हीकडे उतार, तिथे धाकट्याचा हात धरूनच ठेवा. पोर्तुगीजांचा किल्ला, त्यामुळे दारांवरचे लेख आणि पडक्या चर्चच्या भिंती थोरल्याला वेगळ्या वाटतील. खाली गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, तीही ऐकवा.

उलटीसाठी: निघायच्या एक तास आधी कोरडं खायला द्या, पोळी किंवा खाकरा. दूध नको. गाडीत मोबाइल पूर्ण बंद, काच दोन बोटं खाली, नजर समोरच्या रस्त्यावर. गोळी द्यायची तर मात्रा मुलांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घाट लागण्याआधी वेळ ठेवून द्या, घाटात शिरल्यावर दिली तर ती उलटीतच जाते.

बुरूजवाट:
एक राहिलं. होडीत बसण्याआधी धक्क्यावरच मुलांना लघवीला नेऊन आणा, आत सोय धरून चालू नका. माणशी एक लिटर पाणी आणि मीठ-साखरेची दोन पाकिटं जवळ असू द्या. १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही, होडीचे पैसे मात्र वेगळे.