विम्याची यादी ग्रुपवर टाकली, कायदा काय म्हणते?

पऱ्हाटीवाला:
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला आहो. पीकविम्यासाठी सेवा केंद्रात आधार, सातबारा, पासबुकाची झेरॉक्स देल्ली होती, आता कोणाचा फॉर्म झाला कोणाचा राहिला हे सांगाले म्हणून तिथल्या पोट्ट्यानं आख्ख्या गावाची एक्सेल व्हाट्सअप ग्रुपवर टाकून देल्ली, मोबाईल, आधार, खातेनंबर सगळं. काढ म्हटलं बावा, तर म्हणते "भाऊ तुमच्या खात्यात आहे काय असं?" आठ दिवसापासून लोनवाल्यायचे फोन सुरू. डेटाचा नवा कायदा आला म्हणते, त्याच्यात काही होते का?

वर्धेचा_वकील_नाही:
कायदा २०२३ चा आहे पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, अन् संमती, डेटा पुसून घ्याचा हक्क ही कामाची कलमं त्याच्या १८ महिन्यानं, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. दंड २५० कोटीपर्यंत आहे, पण तो सरकारजमा, तुले दमडी नाही. तोवर आधार कायदा २०१६, कलम २९(४) धर, आधार नंबर असा चारचौघात टाकता येत नाही. ग्रुपचा स्क्रीनशॉट काहाडून ठेव आधी, मंग तहसीलमध्ये लेखी दे.

काकडीची_वाडी:
काहीनाही होत. आमच्या इथं याद्या भिंतीवर चिकटवतात, कोणाचं किती कर्ज सगळ्यायले पाठ, नातं जोडतानी सुद्धा तेच पाहतात 😄

वर्धेचा_वकील_नाही:
भिंतीवरचा निस्ता कागद नव्या कायद्यात येतच नाही, पण तोच स्कॅन करून पाठवला का येते. आता एक्सेलच आहे नं भाऊ.

आर्वीची_ताई:
दादा कायदा राहू द्या, पहिले आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. पण घरी कोणी अंगठा लावून पैसे काढत असन तर आधीच सांगून ठेवा, मी आजीचं लॉक केलं अन् निराधारचे पैसे घ्याले गेली तर अंगठाच चालेना, भर उन्हात परत आली, मले अजून ऐकवते. पैसे गेलेच कोणाचे तर लगेच १९३० ले फोन. अन् यापुढं मास्क्ड आधार देत जा, शेवटचे चार आकडेच दिसतात.

पऱ्हाटीवाला:
धन्यवाद ताई, भाऊ. तहसीलमध्ये जाऊन आलो. अर्ज घेतो म्हणे, पण सोबत आधारची झेरॉक्स जोडा. मास्क्ड देल्ली तर म्हणे पूर्ण नंबर दिसत नाही, चालत नाही.