मदत हवी आहे: भाच्याचा फ्यूजर आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर
नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. 440 व्होल्टपर्यंत हात बसलेला आहे, त्यापुढचं काम कधी केलं नाही. भाचा बी.एस्सी.ला आहे, त्यानं फ्यूजर, म्हणजे हाय व्होल्टेजनं अणुकेंद्रं आदळवून जुळवणारं (फ्यूजन करणारं) यंत्र, करायला घेतलाय. टेलिव्हिजनवाल्या फिलो फार्न्सवर्थची ही कल्पना: हवा काढलेल्या भांड्यात मधोमध तारेची जाळी, जाळीला निगेटिव्ह हाय व्होल्टेज, भांडं अर्थला. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) भरून खरं फ्यूजन करायचं तर 20-30 हजार व्होल्ट लागतात, आणि तिथं काचेतून एक्स-रेही बाहेर येतात. तिकडं आम्हाला जायचंच नाही. विरळ हवेत जांभळी चमक दिसली तरी पोराला पुरे.

त्यासाठी त्यानं भंगारातून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणला. मी अडवलं तर म्हणतो, "मामा, वावरातल्या कुंपणाची झटका मशीन आठ-दहा हजार व्होल्टची असते, तिच्यानं डुक्कर बी मरत नाई. हे त दोनच हजार व्होल्टचं आहे."

झटका मशीनचा झटका सेकंदाला एकदा, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ. हा ट्रान्सफॉर्मर अर्धा अँपिअर सलग देतो, आणि छातीतून शंभर मिलिअँपिअर गेले तरी माणूस जातो. आरसीसीबीही (जाणाऱ्या-येणाऱ्या करंटात फरक पडला की लाईन तोडणारा स्विच) इथं वाचवत नाही. सेकंडरी (हाय व्होल्टेजची वायंडिंग) वेगळी असल्यानं पोराच्या अंगातून करंट गेला तरी प्रायमरीच्या (लाईनकडच्या वायंडिंगच्या) दोन्ही वायरींत तो सारखाच राहतो, आरसीसीबी पडणार कशानं?

मागच्या आठवड्यात प्लग काढलेल्या मायक्रोवेव्हच्या कॅपॅसिटरला त्यानं पेचकस लावला. फाटकन आवाज झाला, पेचकसाच्या टोकाला मोहरीएवढा खड्डा. 1 मायक्रोफॅरॅडला 10 मेगाओहमचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) लावला तरी चार्ज उतरायला पाऊण-एक मिनिट जातं, आणि त्यातला ब्लीडर बहुधा उडालेलाच होता.

प्रायमरीला मी कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच) आणि हिरवं-लाल बटण लावलंय. लाईन गेली की पडतो, आली तरी आपोआप उचलत नाही. पंपावर ऑटो स्विच लावतात तसं इथं अजिबात नको. शिवाय एकट्यानं चालू करायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

आता अडलंय ते असं. आमची काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ आहे, रोज बादलीभर पाणी ओततो. भांडं, ट्रान्सफॉर्मरची कोअर आणि डिस्चार्जची काठी (साठलेला चार्ज अर्थला उतरवायची) एकाच बिंदूला बांधू की घराच्या अर्थिंगपासून वेगळं ठेवू? चमक लागली की करंट वाढतच जातो, तर सिरीजमध्ये किती ओहम आणि किती वॅटचा रेझिस्टर टाकावा?

आणि व्होल्टेज मोजायचं कशानं? आमचा मल्टीमीटर 1000 च्या वर लावता येत नाही. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला 25 हजारांच्या आसपास व्होल्टेज असायचं. ते दुरुस्त करणारे कोणी यवतमाळ-अमरावतीकडं असतील आणि त्यांच्याकडं ईएचटी प्रोब (असं हाय व्होल्टेज मोजायची दांडी) पडून असेल, तर कृपया कळवा. एक दिवस येऊन जोडणी पाहिली तर फार उपकार होतील, जाण्यायेण्याचा खर्च माझा.

तोवर ट्रान्सफॉर्मर दुकानाच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याजवळ.